थंड पाण्यातल्या माशांचं हिमोग्लोबिन: ऑक्सिडेशन मोजण्याचा योग्य क्रम आणि नेहमीच्या चुका

ट्राउट, सॅमन, कॉड किंवा अंटार्क्टिक माशांच्या रक्तात ‘मेटहिमोग्लोबिन (ऑक्सिडाइझ झालेलं, ऑक्सिजन न धरणारं हिमोग्लोबिन) २० टक्के’ असा आकडा आला, की आधी माशावर नाही, स्वतःच्या टेबलावर संशय घ्यावा. असे आकडे बहुतेक वेळा दोन वाटांनी येतात. एक तर नमुना तयार करतानाच हिमोग्लोबिन ऑक्सिडाइझ झालेलं असतं, नाहीतर ते झालेलंच नसतं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरचं (नमुना कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग चुकीचं वाचलेलं असतं. माणसाच्या किंवा गुराच्या रक्तासाठी लिहिलेली पद्धत माशाला जशीच्या तशी लावली, की दोन्ही चुका एकदम होतात. खालचा क्रम त्यासाठी आहे. टप्पे पुढेमागे करू नका.

## रचनेतलं कामापुरतं

माशाचं हिमोग्लोबिनही चार साखळ्यांचंच असतं: दोन अल्फा, दोन बीटा. प्रत्येक साखळीत एक हीम आणि हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. लोहाच्या एका बाजूला साखळीतला हिस्टिडीन कायमचा जोडलेला असतो, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन बसतो. त्या बाजूला थोड्या अंतरावर आणखी एक हिस्टिडीन असतो. तो एरवी ऑक्सिजनला धरून ठेवायला मदत करतो.

लोह द्विसंयुजी असेपर्यंतच ऑक्सिजन बसतो. कधीकधी ऑक्सिजन निघताना लोहाचा एक इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइड म्हणून बाहेर पडतो. मागे त्रिसंयुजी लोह उरतं आणि त्याच्यावर पाण्याचा रेणू बसतो. हे मेटहिमोग्लोबिन (पुढे नुसतं ‘मेट’), रंग तपकिरी. पुढे तो दूरचा हिस्टिडीन सरकून थेट लोहाला चिकटला, की हेमिक्रोम तयार होतं. नोटोथेनिऑइड माशांत (अंटार्क्टिक समुद्रातल्या माशांचा मुख्य गट) बीटा साखळ्यांवर हे सहज होतं, अल्फा मात्र मेट रूपातच राहतात. म्हणजे एकाच रेणूत दोन वेगळ्या अवस्था असतात. हे लक्षात ठेवा, हिशेबाच्या वेळी लागेल.

दुसरी महत्त्वाची गोष्ट रूट परिणामाची. अनेक माशांचं हिमोग्लोबिन पीएच उतरला की उघड्या हवेतही ऑक्सिजनने पूर्ण भरत नाही. ट्राउटमध्ये हिमोग्लोबिन-४ असं वागतं, हिमोग्लोबिन-१ पीएचला जवळजवळ दाद देत नाही, आणि दोन्ही एकाच रक्तात असतात. अर्धवट भरलेलं हिमोग्लोबिन पूर्ण भरलेल्यापेक्षा लवकर ऑक्सिडाइझ होतं. म्हणून आम्ल पीएचला माशाचा नमुना दुहेरी अडचणीत येतो: तो खराबही लवकर होतो आणि त्याचं रीडिंगही फसवं येतं.

## टप्पा १: बफर आधी, मासा नंतर

रक्त हातात आल्यावर बफर (पीएच धरून ठेवणारं द्रावण) बनवायला बसलात तर तो नमुना गेलाच म्हणून समजा. आदल्या दिवशी एवढं तयार ठेवा:

१. धुण्यासाठी: १ मिलीमोलर ट्रिसमध्ये मीठ, पीएच ८.०. गोड्या पाण्यातल्या ट्राउटला ०.९ ते १ टक्का मीठ पुरतं. अंटार्क्टिक माशांचा प्लाझ्मा बराच खारट असतो, त्यांना १.७ टक्के लागतं. खात्री नसेल तर १.७ टक्केच घ्या. जास्त मिठात पेशी आकसतात, कमी मिठात फुटतात. आकसलेल्या पेशीने काही बिघडत नाही.

२. पेशी फोडण्यासाठी: १ मिलीमोलर ट्रिस, पीएच ८.०, मीठ नाही.

३. १ मोलर सोडियम क्लोराइड.

४. रीडिंगसाठी: १०० मिलीमोलर फॉस्फेट, पीएच ७.४.

५. वेग मोजण्यासाठी: २० मिलीमोलर फॉस्फेट, एक पीएच ७.२ चं आणि एक ६.४ चं.

इशारा: ट्रिसचा पीएच तापमानागणिक सरकतो, दर अंशाला साधारण ०.०२८ ने. २५ अंशांना ८.० लावलेला ट्रिस ४ अंशांवर ८.६ च्या आसपास जातो. पीएच बर्फात गार केलेल्या बफरमध्येच लावा आणि मीटरही त्याच तापमानाला कॅलिब्रेट करा. फॉस्फेट फारसं हलत नाही, म्हणूनच रीडिंगला ते घेतलं आहे.

इशारा: कोणत्याही बफरमध्ये ‘बुरशी नको’ म्हणून सोडियम अझाइड घालू नका. अझाइड त्रिसंयुजी लोहाला जाऊन चिकटतं आणि मेटच्या शोषणाचा ६३० नॅनोमीटरचा उंचवटा घालवतं. मेट त्याच उंचवट्यावरून मोजायचं असतं. निर्जंतुक हवं असेल तर ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.

## टप्पा २: रक्त काढणं

संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी असल्याशिवाय हा टप्पा सुरू करू नये, हे वेगळं सांगायला नको.

मासा ज्या तापमानाच्या पाण्यात होता त्याच तापमानाच्या पाण्यात भूल द्या. ट्रायकेन वापरत असाल तर सोडियम बायकार्बोनेटने ते उदासीन करा. नुसतं ट्रायकेन पाणी आम्ल करतं, मासा तडफडतो आणि रक्ताचा पीएच उतरतो. शिवाय ट्रायकेन बेन्झोकेनच्या कुळातलं आहे, आणि त्या कुळातल्या औषधांनी माणसात मेटहिमोग्लोबिन वाढल्याची नोंद आहे. त्यामुळे सगळ्या गटांना एकच औषध, एकच मात्रा आणि तेवढाच वेळ द्या. एका गटाला लवंगतेल आणि दुसऱ्याला ट्रायकेन दिलं, तर तुलना माशांची होत नाही, औषधांची होते.

शेपटीकडची शीर गाठा: गुदपराच्या मागे, मध्यरेषेवर, खालून वर, मणक्याला सुई लागेपर्यंत, मग किंचित मागे. सिरिंज आधी हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) द्रावणाने ओली करून घ्या. हळू ओढा. दट्ट्या जोरात ओढला की पेशी सिरिंजमध्येच फुटतात. ट्यूबमध्ये रक्त सोडताना सुई काढून सोडा.

मासा जिवंत ठेवायचा असेल तर किती घ्यावं? माशाच्या शरीरात वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के रक्त असतं. त्याचा दहावा हिस्सा ही मर्यादा धरली, तर अर्ध्या किलोच्या माशातून दीड ते अडीच मिली.

रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएही वापरतात, ते टाळा. काही माशांच्या लाल पेशी त्यात फुटतात. शिवाय ते तांब्याचे आयन धरून ठेवतं, आणि तांबं ऑक्सिडेशनला चालना देतं. एका नमुन्यात ईडीटीए आणि दुसऱ्यात हेपॅरिन असेल, तर दोघांच्या वेगातला फरक त्यातूनही आलेला असू शकतो.

तपासा: ट्यूब थेट बर्फाच्या पाण्यात गेली का? लाल पेशींत मेटला परत साध्या रूपात आणणारं एन्झाइम असतं, ते उबेला कामाला लागतं. नायट्राइटचा (ते मेट वाढवतं) परिणाम पाहणाऱ्यांनी तर ही गोष्ट अजिबात सोडू नये. अर्धा तास टेबलावर राहिलेल्या रक्तात मेट एका बाजूने तयार होत असतं आणि दुसऱ्या बाजूने कमी होत असतं. शेवटी मिळणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

## टप्पा ३: पेशी धुणं

रक्ताच्या चौपट गार धुण्याचं द्रावण घाला, ट्यूब दोनतीनदा उलटी-सुलटी करा (व्हॉर्टेक्स नको), ७०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ७०० पट) वर १० मिनिटं, ४ अंशांना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वरचं द्रावण आणि पांढऱ्या पेशींचा पातळ थर ओढून टाका. असं तीनदा.

वरचं द्रावण दुसऱ्या धुण्यानंतरही गुलाबी येत असेल तर पेशी फुटताहेत. मीठ कमी पडलंय किंवा सेंट्रिफ्यूज गरम आहे. तिसऱ्यांदा धुवून ते सुधारत नाही. नवा नमुना घ्या.

## टप्पा ४: पेशी फोडणं, केंद्रकं शाबूत ठेवून

सस्तन प्राण्यांची पद्धत इथेच हमखास फसते. माशांच्या लाल पेशींना केंद्रक असतं. फ्रीझ-थॉ, सोनिकेशन किंवा डिटर्जंट वापरलं की केंद्रकही फुटतं, डीएनए बाहेर येतो आणि पिपेटला तार सुटते. त्या चिकट लगद्यातून स्वच्छ हिमोग्लोबिन निघत नाही.

१. पेशींच्या तिप्पट गार फोडण्याचं बफर घाला. बर्फात एक तास ठेवा, दर दहा मिनिटांनी हलक्या हाताने उलटवा.

२. एकूण घनफळाच्या दहाव्या हिश्श्याइतकं १ मोलर मीठ घाला. याने पटलांचे तुकडे आणि केंद्रकं नीट खाली बसतात. ही पायरी गाळली तर वरचं द्रावण कधीच नितळ होत नाही.

३. २८,००० जी वर १५ मिनिटं, ४ अंशांना.

४. वरचा दोन-तृतीयांश भाग घ्या. उरलेल्याचा मोह सोडा.

तपासा: द्रावणाची पातळ धार प्रकाशासमोर धरा. ती चेरीसारखी लाल आणि आरपार दिसली पाहिजे. धुरकट असेल तर पुन्हा फिरवा. तपकिरी झाक असेल तर मागचा कुठलातरी टप्पा गरम किंवा आम्ल झाला आहे.

हीच अडचण ड्रॅबकिनच्या द्रावणाने एकूण हिमोग्लोबिन मोजणाऱ्यांना येते. रक्त मिसळल्यावर फिरवलं नाही, तर तरंगत्या केंद्रकांचा गढूळपणाही हिमोग्लोबिन म्हणून मोजला जातो.

## टप्पा ५: फॉस्फेट काढायचं की नाही, ते आताच ठरवा

माशांच्या लाल पेशींत एटीपी आणि जीटीपी ही फॉस्फेटची संयुगं असतात. ते हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची पकड सैल करतात. काही जातींत ते भरपूर असतात, काहींत कमी. दोन जातींच्या रेणूंची तुलना करायची असेल तर हेमोलायसेट (पेशी फोडून मिळालेलं नितळ द्रावण) ०.१ मोलर मिठात भिजवलेल्या सेफाडेक्स जी-२५ च्या (लहान रेणू वेगळे करणाऱ्या जेलच्या) कॉलममधून जाऊ द्या. फक्त रक्तातलं मेट किती आहे एवढंच हवं असेल तर हा टप्पा सोडा. उगाच एक तास वाया जाईल, आणि त्या तासात मेट थोडं वाढेलच.

कच्च्या हेमोलायसेटमध्ये कॅटालेज आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज ही ऑक्सिडेशन आवरणारी एन्झाइमं असतात. शुद्ध केलेल्या हिमोग्लोबिनमध्ये ती नसतात, त्यामुळे असं हिमोग्लोबिन लवकर तपकिरी पडतं. एक नमुना कच्चा आणि एक शुद्ध, अशी तुलना करू नका.

## टप्पा ६: स्वतःचे दोन संदर्भ

पुस्तकातले आकडे माणसाच्या हिमोग्लोबिनवर काढलेले आहेत. म्हणून प्रत्येक जातीसाठी दोन स्पेक्ट्रम घ्या, ५०० ते ७०० नॅनोमीटर, रीडिंगच्याच बफरमध्ये आणि रीडिंगच्याच तापमानाला.

ताजा संदर्भ: हेमोलायसेट ४० ते ६० मायक्रोमोलर हीमपर्यंत पातळ करा. ट्राउटच्या ज्या रक्तात १०० मिलीला ८ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, त्यात साधारण ५ मिलीमोलर हीम असतं. म्हणजे मूळ रक्ताच्या हिशेबाने शंभर पट. दोन उंचवटे दिसतील, ५४१ आणि ५७७ च्या आसपास, आणि ५७७ चा उंच असेल. दोन्ही सारखेच दिसले तर ‘ताजा’ नमुना ताजा नाही.

पूर्ण ऑक्सिडाइझ केलेला संदर्भ: हीमच्या दीडपट पोटॅशियम फेरिसायनाइड घाला, ताजं बनवलेलं. दहा मिनिटं थांबा. आणखी थोडं घालून स्पेक्ट्रम बदलत नाही ना ते पाहा. बदलला तर अजून झालेलं नाही. फेरिसायनाइडचा कचरा आम्लाच्या बाटलीत ओतू नका, विषारी हायड्रोजन सायनाइड निघू शकतो.

इशारा: पीएच ८ च्या आसपास मेटवरच्या पाण्याच्या जागी हायड्रॉक्साइड येतो आणि ६३० चा उंचवटा खाली बसतो. फोडण्याच्या बफरमध्येच रीडिंग घेणाऱ्यांना म्हणून मेट कमी दिसतं. ७.४ चं बफर वेगळं बनवायला सांगितलं ते यासाठी.

सगळे आकडे हीमप्रमाणे धरा, चार हीमच्या पूर्ण रेणूप्रमाणे नाही. चौपटीची चूक छापून आलेल्या तक्त्यांतही सापडते.

## टप्पा ७: रीडिंग आणि हिशेब

क्युव्हेटचा (नमुना ठेवायच्या पारदर्शक पात्राचा) होल्डर १० अंशांवर ठेवा. त्याहून गार ठेवला की काचेवर दव धरतं आणि सगळ्या तरंगलांबींवर शोषण वाढतं. ठेवायचाच असेल तर कोरड्या हवेचा झोत सोडा. ५६०, ५७७, ६३० आणि ७०० अशी चार रीडिंग घ्या. ७०० चं रीडिंग बाकी तिन्हींतून वजा करा, मग ही समीकरणं लावा (उत्तर मायक्रोमोलर हीम, १ सेंमी क्युव्हेट; अ५७७ म्हणजे ५७७ नॅनोमीटरचं शोषण, ऑक्सि म्हणजे ऑक्सिजन बसलेलं हिमोग्लोबिन):

ऑक्सि = ११९ × अ५७७ − ३९ × अ६३० − ८९ × अ५६०

मेट = २८ × अ५७७ + ३०७ × अ६३० − ५५ × अ५६०

हेमिक्रोम = −१३३ × अ५७७ − ११४ × अ६३० + २३३ × अ५६०

उदाहरण घेऊ. वजाबाकीनंतर अ५७७ ०.७०५, अ५६० ०.४१५ आणि अ६३० ०.०३० आला. ऑक्सि ४५.८, मेट ६.१, हेमिक्रोम −०.५. किंचित उणे म्हणजे शून्य धरा. मेट साधारण १२ टक्के.

आता ७०० ची वजाबाकी विसरलात आणि गढूळपणा फक्त ०.०१० आहे असं समजा. ऑक्सि जवळपास तेवढंच राहतं, मेट मात्र २.८ ने वाढून ८.९ होतं. १२ टक्क्यांचे १६ झाले! गढूळपणाचा जवळजवळ सगळा भार मेटच्याच आकड्यावर पडतो, कारण ६३० चा गुणक सगळ्यांत मोठा आहे. सपाट वजाबाकीही पूर्ण इलाज नाही, लहान तरंगलांबीला प्रकाश जास्त विखुरतो. ७०० चं रीडिंग ०.०२ च्या वर गेलं तर आकडेमोड करत बसू नका, नमुना पुन्हा फिरवा.

आणखी एक हिशेब. ५० मायक्रोमोलर हीममध्ये १ टक्का मेट म्हणजे ६३० ला ०.००२ पेक्षाही कमी फरक. साध्या यंत्राचा गोंगाट तेवढाच असतो. तेव्हा ‘३.४७ टक्के’ असं लिहू नका.

### डिऑक्सि आणि खोटं हेमिक्रोम

वरच्या समीकरणांत डिऑक्सिहिमोग्लोबिनला (ऑक्सिजन न बसलेल्या हिमोग्लोबिनला) जागाच नाही. माणसाच्या रक्ताला ते चालतं, कारण हवेत ते पूर्ण भरलेलं असतं. रूट परिणामाच्या माशात नमुना आम्ल असेल तर डिऑक्सि शिल्लक राहतं. त्याचा उंचवटा ५५५ च्या आसपास, म्हणजे ५६० चं रीडिंग फुगतं. १० मायक्रोमोलर डिऑक्सि या समीकरणांत सुमारे १७ मायक्रोमोलर हेमिक्रोम म्हणून निघतं. नोटोथेनिऑइड माशांत हेमिक्रोम खरोखर सापडत असल्यामुळे हा आकडा बघून कोणाला शंकाही येत नाही.

ओळखायची सोपी युक्ती आहे. क्युव्हेटमधल्या नमुन्याला पृष्ठभागावरून शुद्ध ऑक्सिजन द्या, हलकेच उलटवा आणि पुन्हा वाचा. डिऑक्सि नाहीसं होतं, हेमिक्रोम तसंच राहतं. द्रावणात बुडबुडे सोडू नका, फेसात प्रथिनं मोडतात.

तपासा: पूर्ण ऑक्सिडाइझ केलेला संदर्भ याच समीकरणांत घाला. मेट आणि हेमिक्रोम मिळून ९५ ते १०५ टक्के यायला हवेत. नसतील तर त्या जातीसाठी ही समीकरणं सोडा आणि स्वतःच्या संदर्भ-स्पेक्ट्रमवर पूर्ण वक्र बसवा. नुसत्या ६३० वर मेट काढणाऱ्यांची अंटार्क्टिक माशांत उलटी फसगत होते. बीटा साखळ्या हेमिक्रोममध्ये गेल्या की ६३० चा उंचवटा कमी होतो आणि ऑक्सिडेशन थांबल्यासारखं दिसतं.

## टप्पा ८: वेग मोजणं

१. हिमोग्लोबिन २० मिलीमोलर बफरमध्ये २५० मायक्रोमोलर हीमवर आणा. सगळ्या नमुन्यांत हाच आकडा ठेवा. पातळ द्रावणात रेणू दोन तुकड्यांत सुटतो आणि लवकर ऑक्सिडाइझ होतो.

२. प्रत्येक पीएचला तीन ट्यूब. ट्यूब निम्मी रिकामी ठेवा, हवा लागते.

३. तापमान ४ अंश, आणि हवं तर १५. या माशांना ३७ अंश लावू नका. गाळ येईल आणि तुम्ही ऑक्सिडेशनऐवजी प्रथिन मोडण्याचा वेग मोजाल.

४. ०, १, २, ४, ८, २४ आणि ४८ तासांना थोडा नमुना काढा, चौपट रीडिंगच्या बफरमध्ये मिसळा, दोन मिनिटांत वाचा. १०० मिलीमोलर बफर ६.४ च्या नमुन्यालाही ७.४ च्या जवळ आणतं. मिश्रणाचा पीएच एकदा हिमोग्लोबिनशिवाय तपासून घ्या. ६.४ चा नमुना तसाच वाचला, तर वरची डिऑक्सिची चूक दर रीडिंगला होईल.

५. ऑक्सिच्या टक्क्याचा नैसर्गिक लॉग काढा आणि वेळेसमोर मांडा. सुरुवातीचा सरळ भाग घ्या. ऑक्सि २४ तासांत ९६ वरून ८४ टक्क्यांवर आलं, तर वेग तासाला ०.००५६, अर्धायुष्य सुमारे १२५ तास.

रेषा मध्येच वळली तर जबरदस्तीने एक सरळ रेषा बसवू नका. अल्फा आणि बीटा वेगवेगळ्या वेगाने ऑक्सिडाइझ होतात. ट्राउटसारख्या माशात तर मुळातच अनेक हिमोग्लोबिनांचं मिश्रण आहे. वळण खरं असू शकतं. आयसोफॉर्म (म्हणजे मिश्रणातली ही वेगवेगळी हिमोग्लोबिनं) वेगळे केल्याशिवाय ते कोणाचं आहे हे मात्र सांगता येत नाही. त्यासाठी आयन-एक्सचेंज कॉलम लागेल.

रेषा उलट, शेवटी अचानक कोसळली तर एकूण हीमची बेरीज पाहा. बेरीजच घटली असेल तर हीम सुटतंय किंवा गाळ बसतोय, आणि तिथून पुढचे बिंदू गाळायचे.

## साठवण

उणे २० चा फ्रीजर या कामाचा नाही. त्या तापमानाला ऑक्सिहिमोग्लोबिन ऑक्सिडाइझ होत राहतं. १०० मायक्रोलिटरचे भाग पाडून द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा आणि उणे ८० ला किंवा नायट्रोजनमध्येच ठेवा. गोठवताना नमुना सोडियम फॉस्फेटमध्ये नको. त्यातलं डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच बराच खाली जातो. माशाच्या हिमोग्लोबिनला नेमकं तेच सोसत नाही. फोडण्याच्या ट्रिसमध्येच गोठवा. वितळवताना बर्फात, आणि एकदाच. वितळवल्यावर पहिलं रीडिंग गोठवण्याआधीच्या रीडिंगशेजारी लिहा. दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त वाढ दिसली तर ती ट्यूब वेगाच्या मापनाला वापरू नका.